वास आहे, डाग नाही

७ डिसेंबर २०२४

गाडी संध्याकाळी जळगावला माझ्या गॅरेजमध्ये आली. दोन सीटची, जर्मन, पेट्रोल, बोनेटखाली उभं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर दुमडून डिक्कीत जातं. कंपनी, मॉडेल, रंग यातलं काही लिहीत नाही. रावेर-यावल पट्ट्यात अशी गाडी एकच आहे, नुसता रंग लिहिला तरी गावातलं शाळकरी पोरगं मालकाचं नाव सांगेल. मालक केळीवाले. मी त्यांना भाऊ म्हणतो, नोंदीतही भाऊच.

तक्रार एका ओळीची. गाडीत तेलाचा वास येतो. डाग कुठे नाही, ऑइल कमी होत नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. याआधी दोन ठिकाणी दाखवून झालंय. एकीकडे इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून दिला. दुसरीकडे एसीचा फिल्टर बदलला आणि वर मोगऱ्याच्या वासाची डबी चिकटवून दिली. तेलाचा वास गेला नाही, मोगऱ्याची भर तेवढी पडली.

डबी काढून भाऊंच्या हातात दिली. सीटखाली, कप्प्यांत आणखी काही सुगंधी नाही ना ते पाहिलं. वास शोधायचा असेल तर आधी गाडीत दुसरा वास नको. गॅरेजमध्ये पोऱ्यालाही सांगून ठेवलंय, या गाडीपाशी असेपर्यंत तंबाखू, अगरबत्ती, डिझेलने धुतलेले हात, सगळं लांब.

ऑइल मोजायची गेज काढून पाहिली, पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली, रंग बरा. पण यावरून काही ठरत नाही. गेजवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर तेल मावतं. वीस-पंचवीस थेंबांचं जेमतेम एक मिलिलिटर होतं. दिवसाला दहा थेंब गेले तर गेजवर महिना-दोन महिने कळणारसुद्धा नाही, नाकाला मात्र पहिल्या थेंबाला कळतं.

केळीचे खोके उलगडून स्वच्छ पुठ्ठे इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत गाडीखाली अंथरले. रात्रभर तसेच.

८ डिसेंबर

पुठ्ठे कोरडे. पोऱ्या अमळनेरकडचा, खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, "आप्पा, यामा तं बठ्ठं कोरडं शे."

बरं झालं. कोरडा पुठ्ठाही काहीतरी सांगतो. तेल जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर ते वाटेत जळतंय, नाहीतर कशात तरी मुरतंय. तिसरी वाट मला तरी दिसत नाही.

भाऊंना फोन केला. वास कुठून येतो हे विचारलं की माणूस गोंधळतो, म्हणून कधी येतो ते विचारलं. छप्पर उघडं असताना की बंद? उभी असताना की पळताना? सकाळी की अर्धा तास चालवल्यावर? ब्लोअर चालू होता का? भाऊ म्हणाले, "आप्पा, दिवाळीपासून जाणवतो. उन्हाळ्यात नव्हता." उन्हाळ्यात छप्पर कधी उघडलं होतं का, असं विचारल्यावर हसले. मार्च ते ऑक्टोबर आपल्याकडे छप्पर उघडून कोण फिरणार? ही गाडी होळीला बंद होते आणि दिवाळीला उघडते.

वहीत ही गोष्ट वर लिहून खाली रेघ मारली.

११ डिसेंबर

पहाटे ट्रायल. पहाटे दोन कारणांसाठी. एक, थंडी पडलीय, हवा जड असते, वास पसरून विरत नाही. दुसरं, दिवसा आमच्या भागात नाकावर भरवसा ठेवता येत नाही. एमआयडीसीकडून डाळीच्या मिलचा वास, कुठे सरकीचं तेल निघत असतं, हायवेला पुढे ट्रक. अशा हवेत गाडीतलं तेल कोणतं आणि गावातलं कोणतं, हे सांगणारा माणूस मला अजून भेटला नाही.

आधी छप्पर बंद, काचा बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर. इंजिन थंड असेपर्यंत काही नाही. भुसावळ रस्त्याला चांगली गरम करून आणली आणि अजिंठा चौफुलीला कडेला उभी करून चालू ठेवली. दोन-तीन मिनिटांत वास आला. जळका, घशाशी खवखवणारा. ब्लोअर आतल्या हवेवर टाकला, वास विरळ झाला. परत बाहेरची हवा, परत वास. गाडी चालू लागली की पुन्हा नाही.

याचा अर्थ सरळ आहे. बाहेरची हवा आत घ्यायची जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटच्या मागच्या कडेला असते. गाडी पळताना इंजिनावरची हवा खालून मागे निघून जाते. उभी असताना तीच गरम हवा वर चढते, बोनेटच्या मागच्या फटीतून जाळीत शिरते आणि ब्लोअर ती आपल्या तोंडावर सोडतो. म्हणजे इंजिनाच्या भागात काहीतरी गरम लोखंडावर पडतंय. इंजिन ऑइलचा भडका बिंदू साधारण २०० अंशांच्या वर, आणि जोरात चाललेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा भाग, त्याच्याही बराच वर जातो. तिथे थेंब पडला की त्याचा धूर होतो, पुठ्ठ्यापर्यंत यायला उरत नाही.

मग छप्पर उघडलं. स्वेटर, मफलर, कानटोपी, सगळं घालून निघालो. मेहरूणकडून फिरून येताना दूधवाल्यांनी गाडीपेक्षा आम्हालाच जास्त पाहिलं. साठ-सत्तरच्या वेगात जळका वास अजिबात नाही. दुसराच एक वास आला. बारीक, कच्च्या तेलाचा, न जळलेला. तो समोरून येत नव्हता, मानेच्या मागून येत होता.

छप्पर उघडल्यावर वारा मागे जातो असं वाटतं, पण पुढच्या काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि काचेवरून गेलेली हवा सीटच्या मागून वळून पुढे येते. उघड्या गाडीत बायकांचे केस तोंडावर येतात ते यामुळेच. वास घेऊन येणारी हवाही याच वाटेने डिक्कीकडून पुढे येते. सीटमागची वारा अडवायची जाळी उभी केली, वास कमी झाला. पाडली, वाढला.

तेव्हा आजचा निकाल असा: वास दोन आहेत. इतके दिवस सगळे एकाच वासाच्या मागे लागले होते, म्हणून एकाचं लक्षण दुसऱ्याच्या आड येत होतं.

आधी जळका घेणार. कच्च्या तेलाने कपडे वास मारतात, जळक्याने गाडी पेटू शकते.

१४ डिसेंबर

इंजिन धुतलं. घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं. कॉइल, कनेक्टर, अल्टरनेटर प्लास्टिकने बांधून घेतले, डिग्रीझर ब्रशने लावला, पाण्याचा प्रेशर पाइप वापरला नाही. हलक्या फवाऱ्याने धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेने कानाकोपरा वाळवला. मग तासभर चालू ठेवून उरलेलं पाणी उडवलं. आज दुसरं काही केलं नाही.

१५ डिसेंबर

टाल्कम पावडर. लहान मुलांना लावतात तीच, बिनवासाची मिळाली ती घेतली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेने, ऑइल फिल्टरच्या बैठकीखाली, टायमिंगकडच्या सांध्यावर ब्रशने पातळ थर दिला. गाडी तीसेक किलोमीटर फिरवली, उतरून बोनेट उघडलं.

फिल्टरची बैठक पांढरी. टायमिंगचा सांधा पांढरा. टॅपेट कव्हरच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला, अगदी मागे, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या (फायरवॉलच्या) कोपऱ्यात, पावडरीत पिवळसर रेघ, आगपेटीच्या काडीएवढी जाड. खाली मॅनिफोल्डच्या उष्णतारोधक पत्र्यावर तपकिरी ठिपका. तो कोपरा वरून दिसत नाही. दाढीचा लहान आरसा आणि टॉर्च घेऊन दिसला.

कव्हरखालची रबरी पॅकिंग कडक झाली असेल, हा पहिला अंदाज. पण तेल बाहेर ढकलणारं दुसरंही कारण असतं. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू इंजिनाच्या खालच्या पोटात (क्रँककेसमध्ये) उतरतोच, तो ब्रीदरच्या वाटेने इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा घेतं तिकडे, ओढला जातो. ब्रीदरची वाट तुंबली की आत दाब साठतो, आणि मग नवी पॅकिंगही काही महिन्यांत ओली होते. ते बघितल्याशिवाय पॅकिंग मागवणार नाही.

१६ डिसेंबर

मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. फळकुटावर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून चिकटपट्टीने बसवली, अर्धी पाण्याने भरली, दिसावं म्हणून पाण्यात निळी शाई. एक टोक गेजच्या नळीत रबरी बुचातून घट्ट बसवलं, दुसरं हवेत उघडं. गाडी चालू केली. इंजिनाकडच्या फाट्यातलं पाणी जरा वर चढलं आणि तिथे स्थिर राहिलं. म्हणजे आत हलकी ओढ आहे, दाब नाही. ॲक्सिलरेटर दाबून सोडला, पाणी हललं आणि परत जागेवर आलं. ब्रीदर ठीक.

शंभर रुपयांच्या आत झालेली ही चाचणी. स्कॅनर लावूनही हेच बघायचं होतं, पण सगळ्या गाड्यांत हा आकडा स्कॅनरवर येत नाही. पाण्याला ते बंधन नाही.

१९ डिसेंबर

धुराच्या यंत्राने खात्री केली. ग्लो प्लगवर मिनरल ऑइल तापवून पांढरा धूर करतो ते, आपलं घरी बनवलेलं. ऑइल भरायच्या तोंडातून अगदी कमी दाबाने धूर सोडला. इथे घाई केली तर धडधाकट ऑइल सीलही उलटतात, म्हणून रेग्युलेटरचा काटा हलला-न हलला एवढाच ठेवला. दुपारी शटर ओढून अंधार केला. त्याच कोपऱ्यातून उदबत्तीएवढी धुराची रेघ निघाली. दुसरीकडे कुठेही नाही. पावडर आणि धूर दोघांनी एकच जागा दाखवली.

धूर बाहेर पडून कुठे जातो तेही पाहिलं. बोनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी उन्हाने टणक होऊन डाव्या टोकाला बोटभर उचलली गेली होती. धूर सरळ त्या फटीतून हवेच्या जाळीकडे. पट्टी नीट असती तर इतकी बारीक गळती केबिनमध्ये कळलीही नसती, वर्षभर तशीच जळत राहिली असती.

सामान सांगितलं: कव्हरची पॅकिंग, स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलं, बोल्ट, रबरी पट्टी. जळगावात मिळणार नव्हतंच. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येईल.

२८ डिसेंबर

पट्टी सोडून बाकी सामान आलं. वाट बघतोय.

२ जानेवारी २०२५

पट्टी आली, काम केलं.

हे टॅपेट कव्हर प्लास्टिकचं असतं, आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून-निवून वाकतं. वाकलं असेल तर नवी पॅकिंग लावून उपयोग नाही, कव्हरच बदलावं लागतं. त्यात खर्च कित्येक पट. म्हणून काढताना बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे-थोडे सैल करत आणले. कव्हर पालथं ठेवून लोखंडी पट्टी आडवी-तिरपी लावली, फट मोजायची फीलर गेज खालून सरकवून पाहिली. सरळ आहे. भाऊंचे पैसे वाचले.

जुनी पॅकिंग खोबणीतून काढताना तुटत गेली. पुढच्या बाजूची अजून वाकत होती, मागच्या कोपऱ्यातली नखाने दाबली तर नखाचा वणही उठेना, बांगडीसारखी कडक. तो कोपरा बोनेटखालचा सगळ्यात गरम, हवा सगळ्यात कमी.

इंजिनाच्या हेडची, म्हणजे कव्हर बसतं त्या भागाची कड सॉल्व्हंटने पुसली, खरवडली नाही. ॲल्युमिनियमवर खरवडायचं पातं चाललं की पुढच्या गळतीची वाट आपणच खोदून ठेवतो. नवी पॅकिंग कोरडी बसवली. सिलिकॉनचा ठिपका फक्त हेड आणि टायमिंग कव्हर जिथे एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यांवर. सगळीकडे सिलिकॉन फासायची आपल्याकडे सवय आहे. त्यातलं जास्तीचं आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर, टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला. अंदाजाने आवळून प्लास्टिक तडकतं. पोऱ्याला पाना हातात देऊन 'टक्' आवाज ऐकवला आणि तिथेच थांबायला सांगितलं.

मॅनिफोल्डच्या पत्र्यावर जे तेल मुरलंय ते जळून संपेपर्यंत वास येतच राहणार. भाऊंना तसं सांगितलं. लगेच निकाल काढायचा नाही.

५ जानेवारी

भाऊंना घेऊन अजिंठ्याचा घाट. नेरी, पहूर, फर्दापूर. सुरुवातीला जुनं तेल जळाल्याचा वास थोडा आला, पहूरपर्यंत विरला. घाट खालच्या गिअरमध्ये दमवत चढवला, वर पोहोचल्यावर बाजूला घेऊन गाडी चालूच ठेवली. ब्लोअर बाहेरच्या हवेवर, छप्पर बंद. दहा मिनिटं बसलो. काही नाही.

जळका वास संपला. भाऊ खूश. मी छप्पर उघडायला सांगितलं.

उतरताना मानेमागून तोच कच्चा वास. भाऊ म्हणाले, "म्हणजे तोच आहे का आप्पा अजून?" तो दुसरा होता, पण हे पटवायला फर्दापूरपर्यंतचा रस्ता लागला.

८ जानेवारी

भाऊ आणि वहिनी भुसावळला लग्नाला निघाले होते, वाटेत आले. वहिनींना मुद्दाम विचारलं. आम्ही दोघं आता या वासाला सरावलोय. नाकाचं असं असतं की थोडा वेळ गेला की ओळखीचा वास ते मोजत नाही. ताजं नाक हवं होतं.

वहिनी गाडीत न बसता मागे गेल्या, डिक्की उघडायला लावली, वाकल्या. "हा इंजिनाचा नाही हो. माझ्या शिलाई मशीनला तेल घालते ना, तसा आहे."

भाऊ म्हणाले, "तुला काय कळतंय गाडीतलं." वहिनींनी काही उत्तर दिलं नाही. मी मात्र वहीत लिहून घेतलं, कारण यात सगळं आलं. डिफरन्शियलच्या गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, त्यात तशी द्रव्यं घातलेली असतात. कूलंट गोडसर. पेट्रोल तर कोणीही ओळखतं. शिलाई मशीनचं तेल म्हणजे पातळ, स्वच्छ, मिनरल तेल. आणि या गाडीच्या डिक्कीत पातळ मिनरल तेल एकाच ठिकाणी आहे: छप्पर उचलणाऱ्या हायड्रॉलिकमध्ये.

१० जानेवारी

डिक्कीचं अस्तर काढलं. क्लिपा थंडीत कडक होतात, प्लास्टिकच्या पान्याने एकेक उचलली. आत पंप, मोटर, अर्धपारदर्शक टाकी, काळ्या नळ्या. टाकीवर खुणा आहेत, पण पातळी छप्पर कोणत्या स्थितीत असताना बघायची ते पुस्तकात ठरवून दिलेलं असतं, कारण छप्पर उचलणाऱ्या सिलिंडरांचे दांडे बाहेर आले की तेल टाकीतून तिकडे जातं. तसं पाहिलं. किमान खुणेच्या किंचित वर. कमी झालंय, पण पंप ओरडण्याइतकं नाही.

कुठेही थेंब नाही. नळ्या कोरड्या, जोड कोरडे. खालचा नमदा वरून कोरडा, राखाडी. डाव्या कोपऱ्यात उचलला तर खालून काळपट, आणि हाताला तुळतुळीत. इतके दिवस पडलेलं सगळं तेल हा नमदा पीत होता. डिक्कीखालीच सायलेन्सर. गाडी अर्धा तास चालली की तळ तापतो, नमदा कोमट होतो आणि वास सोडतो. म्हणून सकाळी उभ्या गाडीत वास नाही, चालवल्यावर आहे.

नमदा ओला कुठून होतो हे अजून पाहायचं होतं. तेल नळीवरून ओघळत लांब जाऊन पडतं, त्यामुळे ओली जागा म्हणजे गळतीची जागा असं नसतं. पोस्टाच्या टेबलावर असायचा तसला टीपकागद स्टेशनरीवाल्याकडे पडून होता. त्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर पेन्सिलने जागा लिहिली: 'पंप खाली', 'टाकी जोड', 'डावा मोठा वर', 'डावा मोठा दांडा', 'उजवा दांडा', अशा. दोऱ्याने जागच्या जागी बांधल्या. पेन्सिलने यासाठी की तेलात शाई पसरते. छप्पर काही वेळा उघडलं-मिटलं आणि तसंच ठेवलं.

११ जानेवारी

'डावा मोठा दांडा' या पट्टीवर रुपयाएवढा पारदर्शक डाग. उजेडापुढे धरली तर पलीकडचं बोट दिसतं. बाकी पट्ट्या कोऱ्या. पोऱ्याने ती पट्टी खिळ्याला अडकवून ठेवलीय, वहीत चिकटवणार आहे म्हणतो.

भाऊंचं ते वाक्य, दिवाळीपासून, उन्हाळ्यात नव्हता. आता जुळतंय. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ पार करतो, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीची बंद डिक्की त्याहून गरम. सात-आठ महिने दांडा एकाच जागी. सीलची ओठासारखी पातळ कड त्या जागी बसून टणक झाली. दिवाळीत छप्पर उघडायला लागले तसा प्रत्येक वेळी दांड्याबरोबर तेलाचा पातळ पापुद्रा बाहेर यायला लागला.

१३ जानेवारी

सिलिंडर काढला. छप्पर अर्धं वर ठेवून सागाचे ठोकळे दोन्ही बाजूंनी, वर दोरीही. पंप बंद झाल्यावर अर्धवट छप्पर तेलाच्या भरवशावर ठेवायचं नसतं, हळूहळू बसतं, आणि त्या बिजागऱ्यांत बोट सापडलं तर बोट जातं. बॅटरीची तार काढून ठेवली. पोऱ्याला सक्त ताकीद: ठोकळे असेपर्यंत बटणाकडे बघायचंही नाही.

उद्या संक्रांत, गॅरेज बंद.

१६ जानेवारी

नवा सिलिंडर परदेशातून, आणि किंमत ऐकून भाऊ गप्प झाले. म्हणून हायड्रॉलिकवाल्याकडे गेलो. तो जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे सिलिंडर भरतो, त्याच्याकडचे दांडे मनगटाएवढे. हा करंगळीएवढा पाहून म्हणाला, "भो, हा सिलिंडर आहे का पिचकारी?" पण हात चांगला. वर्निअरने दांडा, खोबण, सगळं मोजलं. दांडा खिडकीत फिरवून पाहिला. ओरखडा असता तर नवं सीलही कापलं गेलं असतं. दांडा आरशासारखा. जुनं सील काढून दोन बोटांत दुमडलं, तडकलं.

त्याच मापाचं पॉलियुरेथेनचं सील त्याच्या डब्यात निघालं. ओ-रिंग नायट्राइल रबराची घेतली. इथे रबर बघूनच घ्यावं लागतं. मिनरल तेलाला नायट्राइल चालतं, ब्रेकच्या तेलाला वेगळं रबर लागतं. ब्रेकच्या सामानातली रिंग इथे टाकली तर फुगून बसते. टाकीत ब्रेक ऑइल ओतणारेही मी पाहिलेत. 'तेल ते तेल' म्हणून ओततात, आणि मग एका सिलिंडरऐवजी सगळी सीलं बदलावी लागतात.

उजवा सिलिंडर कोरडा आहे, पण त्यानेही तेच उन्हाळे काढलेत. भाऊंना विचारून त्याचंही सील बदलायचं ठरलं. तो काढून नेला.

२१ जानेवारी

दोन्ही बसवले. पुस्तकात सांगितलेलंच तेल टाकीत भरलं. हवा काढायला वेगळं काही नाही, छप्पर पूर्ण उघडायचं-मिटायचं, पातळी बघायची, परत. सुरुवातीला पंप घरघरला, मग आवाज एकसारखा झाला. हे सगळं इंजिन चालू ठेवून, नाहीतर बॅटरी उतरते आणि छप्पर मधेच थांबतं.

टीपकागद परत बांधले.

२४ जानेवारी

पट्ट्या कोऱ्या.

नमदा टाकून दिला. धुऊन बघितला होता, धुण्याचा सोडा, साबण, दोन उन्हं, तरी जवळ नेला की वास. सीटकव्हरवाल्याकडून त्याच जाडीचा नवा कापून आणला. जुन्याचा कागदावर साचा काढून घेतला होता, म्हणून पंपाजवळची वळणं नीट बसली. पत्र्याचा तळ पुसला तेव्हा चिंधी शेवटपर्यंत पिवळट येत होती. पांढरी यायला लागेपर्यंत पुसला.

२ फेब्रुवारी

भाऊ आणि वहिनी बामणोदकडे भरीत पार्टीला जाऊन आले, छप्पर उघडं टाकून. येताना गॅरेजवर थांबले. गाडीत वांग्याचा, काड्यांच्या धुराचा आणि लसणाचा वास होता, त्यामुळे माझं नाक बाद. वहिनींना डिक्कीत वाकायला सांगितलं. नाही म्हणाल्या, येत नाही. भाऊंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली.

बोनेट उघडून तो मागचा कोपरा आरशाने पाहिला, कोरडा. बिल दिलं. त्याच्या मागे लिहून दिलेलं असं: उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, इंजिन चालू ठेवून छप्पर एकदा पूर्ण उघडायचं आणि मिटायचं, फिरायला नाही गेलात तरी. गाडी पत्र्याखाली ठेवायची असेल तर पत्र्याच्या आत बांबूचा तट्ट्या मारून घ्या. डिक्कीतला डावा टीपकागद मी मुद्दाम तसाच बांधून ठेवलाय, काढू नका. मे संपला की गाडी आणा, तो उजेडापुढे धरून बघू. मोगऱ्याची डबी तोपर्यंत नको.